तीन सारखे खांब: आयसोनियाझिडचे झटके आणि बाटलीतला गाळ

आयसोनियाझिड हे टीबीचं औषध मोठ्या डोसमध्ये टोचलेला उंदीर पहिला अर्धा तास अगदी नेहमीसारखा वागतो. भुशात तोंड खुपसतो, मागच्या पायांवर उभा राहून पिंजऱ्याची कड हुंगतो, पुढच्या पंज्यांनी मिशा पुसतो. बघणाऱ्याला वाटतं, सुई नीट लागलीच नाही. मग कधीतरी तो मधेच थांबतो. मिशा पुसायला उचललेला पंजा तसाच हवेत राहतो. एक बारीक हिसका येतो, थोड्या वेळाने दुसरा, आणि एकदम तो सैरावैरा धावत सुटतो, भिंतीवर आपटतो, कुशीवर पडून चारी पाय झटकत राहतो. स्टॉपवॉच धरलेल्या हाताला घाम फुटतो. मला इतक्या वर्षांनंतरही फुटतो.

पीटीझेड, म्हणजे पेंटिलीनटेट्राझोल, टोचलं तर एवढी वाट बघावी लागत नाही. काही मिनिटांतच अंग हिसके द्यायला लागतं. दोन्ही औषधं शेवटी झटकेच आणतात, पण एक लगेच आणि एक उशिरा. या उशिरातच आमच्या प्रकरणाचं उत्तर होतं. ते दिसायला मला पाच आठवडे लागले.

मी खानदेशातल्या एका फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवते. हे प्रकरण माझ्या एका एम. फार्म.च्या विद्यार्थिनीच्या प्रबंधाचं. ती आणि आमचं ॲनिमल हाउस सांभाळणारे आप्पा, दोघांना विचारून लिहिते आहे. नावं मुद्दाम दिलेली नाहीत. वनस्पतीचंही नाव देत नाही, कारण अर्धवट वाचून कुणी तिच्या बिया फेफऱ्यावर द्यायला सुरुवात केली तर ते पाप माझ्या माथी येईल.

कामाची आखणी

मुलीच्या आजोळी, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात, एका वेलीच्या बिया उगाळून फेफरं येणाऱ्याला देतात. लहानपणी तिने ते डोळ्यांनी पाहिलेलं. या बियांच्या अर्कात खरंच काही आहे का, हे तिला तपासायचं होतं. विषय तिच्या मनातून आलेला होता, म्हणून मी आनंदाने हो म्हटलं.

पद्धत ठरलेली आहे. औषध झटके थांबवतं का हे बघायचं तर आधी झटके आणावे लागतात, आणि ते एकाच वाटेने आणून भागत नाही. आम्ही तीन वाटा घेतल्या. पहिली विजेचा धक्का: यात मागचे पाय ताठ होऊन सरळ मागे ताणले जातात का हे बघतात. दुसरी पीटीझेड, किलोला ८५ मिलीग्राम, कातडीखाली. तिसरी आयसोनियाझिड, किलोला ३०० मिलीग्राम. अर्काचे डोस तीन: १००, २०० आणि ४०० मिलीग्राम, रोज एकदा तोंडातून नळीने, सात दिवस. तुलनेला नुसतं द्रावक दिलेला कंट्रोल गट आणि डायझेपाम हे झटके थांबवणारं नेहमीचं औषध दिलेला गट. प्रत्येक गटात सहा स्विस अल्बिनो उंदीर. १९९८ च्या नियमांप्रमाणे प्राणी नैतिकता समितीपुढे अर्ज गेला, प्रश्नोत्तरं झाली, मंजुरी आली. झटका आल्यानंतर जनावराला किती वेळ तसं ठेवायचं आणि त्रास कधी, कसा थांबवायचा, हेही त्यात लिहिलेलं होतं.

पहिली चूक माझी, आणि ती इथेच झाली. उंदीर नोंदणीकृत पैदास केंद्रातून यायचे होते. एप्रिल सुरू झाला होता. आमच्याकडचा एप्रिल-मे म्हणजे पारा चव्वेचाळीसच्या पुढे; अशा उन्हात पिंजरे भरलेली गाडी धुळे-जळगावच्या रस्त्यावर दुपारी थांबली तर आतली जनावरं होरपळून मरतात. म्हणून माल एकदम न मागवता दोन खेपांत मागवला. पहिली खेप लहान होती. मी मुलीला म्हणाले, "यांच्यात कंट्रोल आणि डायझेपामचे गट उरकून घे, अर्काचे गट दुसरी खेप आली की करू." वेळ वाचेल एवढाच विचार होता. कंट्रोल आणि औषधाचे गट एकाच खेपेतले, एकाच दिवसांतले, एकाच मांडणीवरचे असावेत, हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिते.

निकाल

विजेच्या धक्क्यात अर्काचा काही उपयोग दिसला नाही. पीटीझेडमध्येही नाही, कंट्रोलच्या उंदरांना जितक्या वेळात झटके आले तितक्याच वेळात अर्काच्या उंदरांना आले. आयसोनियाझिडमध्ये मात्र चित्र पालटलं. अर्क घेतलेल्या गटांत झटके ठळकपणे उशिरा आले, काहींना निरीक्षणाची वेळ संपेपर्यंत आलेच नाहीत.

मुलगी धावतच केबिनमध्ये आली. मलाही हर्ष झाला, खोटं कशाला बोलू? पीटीझेडपुढे न चालणारा आणि आयसोनियाझिडला रोखणारा अर्क म्हणजे सरळ अर्थ निघत होता: मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं जे रसायन आहे, ते तयार होण्याची प्रक्रिया हा अर्क सावरतो. मी तिला चर्चेच्या प्रकरणाचा सांगाडा त्याच दिवशी काढून दिला.

दोन दिवसांनी ती आलेख घेऊन आली. लॅपटॉप माझ्यापुढे वळवला आणि म्हणाली, "मॅडम, शंभरला आणि चारशेला सारखंच कसं?"

पडद्यावर आयसोनियाझिडचा आलेख होता. कंट्रोलचा बुटका खांब, आणि शेजारी तीन उंच खांब. तिन्हींची डोकी एका रेषेत. पट्टी ठेवून आखल्यासारखी.

मी म्हणाले, "शंभरलाच कमाल परिणाम गाठला असेल. होतं असं." आणि तिला परत पाठवलं. ही माझी दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी. पोरीने बरोबर जागी बोट ठेवलं होतं आणि मी ते बाजूला सारलं.

पाटकरी, पाट आणि दार

पुढचं समजायला मेंदूतला एक बंदोबस्त समजून घ्यावा लागतो. माझं माहेर पांझरेच्या काठचं, फडाच्या पाण्यावरचं. म्हणून वर्गात मी तो फडाच्या भाषेत सांगते. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून फडाफडाला पाणी. पाटकरी येऊन दार उघडतो तेव्हाच शेतात पाणी शिरतं.

मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना सतत पेटवत असतात आणि हे पेटवण्याचं काम मुख्यतः ग्लुटामेट करतो. विझवण्याचं काम गाबाचं. मेंदूत गाबा असतो हे १९५० मध्ये कळलं. विशेष म्हणजे गाबा बनतो तो ग्लुटामेटपासूनच. ज्या लाकडाचा जाळ, त्याच लाकडातून विझवणारा निघतो. बनलेला गाबा पुढच्या पेशीवरच्या गाबा-ए ग्राहीवर (रिसेप्टरवर) जाऊन बसतो. हा ग्राही म्हणजे पाच तुकड्यांनी बनलेलं दार आहे. गाबा बसला की दार उघडतं, क्लोराइड आत शिरतो आणि पेशी थंडावते. गाबा हा पाटकरी, ग्राही हे दार, क्लोराइड हे पाणी.

आता झटके आणणारी औषधं या बंदोबस्ताला वेगवेगळ्या ठिकाणी तोडतात. पीटीझेड आणि पिक्रोटॉक्सिन दारातच दगड अडकवतात. पाटकरी आला, त्याने हात लावला, तरी पाणी आत जात नाही. बायक्युक्युलीन पाटकऱ्याच्या उभं राहण्याच्या जागेवर स्वतःच ठाण मांडतं. दोन्हींत परिणाम लगेच दिसतो, कारण मोडतोड थेट दाराशी आहे.

आयसोनियाझिड दाराला हातही लावत नाही. ग्लुटामेटपासून गाबा बनवणारं जे विकर (एन्झाइम) आहे, त्याला चालायला पायरिडॉक्सल फॉस्फेट लागतं, म्हणजे ब-६ जीवनसत्त्वाचं कामाला लागलेलं रूप. आयसोनियाझिड या रूपाला चिकटून ते निकामी करतं, आणि ब-६ पासून ते नव्याने बनवणाऱ्या विकरालाही अडवतं. दारं शाबूत, पाट भरलेला, पण घरून पाटकरी निघतच नाहीत. जे आधी कामावर होते ते असेपर्यंत सगळं सुरळीत दिसतं. ते संपले की रान पेटतं. पहिला अर्धा तास उंदीर मिशा पुसत बसतो तो यामुळे.

डायझेपामची जागाही यात बसते. ते ग्राहीवर स्वतःच्या वेगळ्या खाचेत बसतं आणि गाबा आल्यावर दार जास्त वेळा उघडेल अशी सोय करतं. बिजागरीला घातलेलं तेल. पण दार उघडायला पाटकरी लागतोच. म्हणून आयसोनियाझिडच्या मोठ्या विषबाधेत नुसतं डायझेपाम पुष्कळदा कमी पडतं आणि ब-६ द्यावं लागतं. त्याकडे पुढे येते.

याच न्यायाने बाकीची जहरंही ओळखता येतात. कुचल्यातलं स्ट्रिक्नीन गाबाच्या वाटेला जात नाही, ते मेरुरज्जूतल्या ग्लायसीनच्या ग्राहीला रोखतं. म्हणून ते दिलेलं जनावर टाळी वाजवली तरी ताठ होतं. समुद्रशैवालातून मिळालेलं कायनिक ॲसिड उलट ग्लुटामेटच्याच ग्राहीवर बसून जाळ वाढवतं. पायलोकार्पीन ॲसिटिलकोलीनच्या मस्करिनी ग्राहींतून काम करतं. त्यांतला एम-१ हा प्रकार जन्मतःच नसलेल्या उंदरांना पायलोकार्पीनने झटके येत नाहीत, हे १९९७ मध्ये दाखवलं गेलं. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: पायलोकार्पीनच्या आधी याच मस्करिनी ग्राहींना रोखणारं ॲट्रोपीन दिलं तर झटके टळतात, पण झटके जोमात सुरू झाल्यावर तेच ॲट्रोपीन हतबल होतं. काडी एका ग्राहीने ओढली, जाळ मात्र आता ग्लुटामेटवर चालला आहे. काडी हिसकावून घेऊन काय उपयोग?

शंका

आलेख बघून मुलीला परत पाठवलं त्या रात्री झोप लागेना. तीन सारखे खांब डोळ्यांपुढून हलत नव्हते. अर्काचा डोस चौपट केला तरी परिणाम रतीभर वाढत नाही. शिवाय तो अर्क विजेपुढे चालत नाही, पीटीझेडपुढे चालत नाही, फक्त आयसोनियाझिडपुढेच चालतो. मी वहीत एकेक शक्यता मांडत गेले.

उन्हाळा आणि दुसरी खेप? मधे दोनदा वीज गेली होती, जनरेटर सुरू होईपर्यंत ॲनिमल हाउस तापलं होतं. पण उष्णतेने मेंदू झटक्यांना जास्त बळी पडतो. आमचे उंदीर उलट टिकले होते.

रोज नळी घालण्याचा ताण? याने माझा थोडा वेळ खाल्ला. ताणाखाली शरीरात जी न्यूरोस्टेरॉइडं बनतात ती गाबा-ए ग्राहीवरच बसून त्याचं बळ वाढवतात. पोहायला लावून ताण दिलेल्या जनावरांना पीटीझेडने झटके यायला जास्त डोस लागतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणजे ताणाने झटके लांबू शकतात. पण तसं असतं तर पीटीझेडच्या गटातही लांबायला हवे होते, ते जराही लांबले नाहीत. अर्कात डायझेपामसारखं काही असतं तरी पीटीझेडमध्ये दिसलं असतं. फेनिटोइन या फेफऱ्याच्या औषधासारखं सोडियमच्या वाटा रोखणारं असतं तर विजेच्या धक्क्यात दिसलं असतं.

दार, बिजागरी, पाट, सगळं बाद झालं. उरलं ते फक्त पाटकऱ्याचं घर. आणि तिथे, डोस वाढवून न वाढणारं, सगळ्या पिंजऱ्यांना सारखंच मिळालेलं काहीतरी. मी वहीत लिहिलं: "ब-६?" आणि खाली: "कुठून?"

मुलीला तेव्हाच फोन लावला असता, पण रात्रीचे दोन वाजले होते.

गाळ

सकाळी आम्ही दोघी ॲनिमल हाउसमध्ये गेलो. खाद्याच्या गोण्या पाहिल्या; दोन्ही खेपांना एकाच लॉटचं खाद्य. भुसा तोच. अर्काचं द्रावक कंट्रोललाही तेच दिलेलं. मुलगी मांडणीवरच्या बाटल्या एकेक काढून उजेडाकडे धरत होती. अर्काच्या गटांचे जे थोडे उंदीर उरले होते त्यांच्या पिंजऱ्यावरची बाटली तिने उलटी केली, हलवली, परत उजेडाला धरली.

"मॅडम, हे बघा."

तळाशी पांढरट गाळ होता, चिमूटभर. हलवलं की धुरासारखा वर यायचा आणि हळूहळू बसायचा. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याला क्षार असतात, घरच्या माठाच्या तळाला असाच थर बसतो. पण इथे पाणी आरओचं. आणि नळीच्या तोंडापाशी एक बारीक, अर्धवट विरघळलेला तुकडा अडकलेला होता. त्याची एक कड गोल होती. गोळीची कड.

आप्पा दारात उभे होते. मी काही विचारायच्या आधीच त्यांचा चेहरा उतरला.

"मॅडम, मीच टाकी दिन्ही गोयी," ते म्हणाले. मग प्रमाण मराठीवर यायचा प्रयत्न करत, मधेच अहिराणीत घसरत त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या घरी पत्नीला टीबीचे उपचार चालू होते. औषधांच्या नावांत आयसोनियाझिड होतं. दवाखान्यात ताईंनी समजावलं होतं की या औषधाने हातापायांना मुंग्या येतात, म्हणून ही वेगळी गोळी रोज चुकवायची नाही. पहिल्या खेपेचे उंदीर टेबलावर पाय झटकत पडले तेव्हा आप्पा खोलीत होते. बाटलीवरचं नाव त्यांनी वाचलं. "मनी घरवालीले बी हाईच दवाई चालू शे. तिले गोयी देतस, मंग या बिचारास्ले काब्रं नही?" मेडिकलमधून त्यांनी स्वतःच्या पैशाने पायरिडॉक्सिनचं पाकीट आणलं, चाळीस मिलीग्रामची गोळी, आणि दुसरी खेप आल्या दिवसापासून प्रत्येक बाटलीत एकेक टाकत गेले.

मी तिथल्या स्टुलावर बसले. मुलगी रडायला लागली. आप्पांना वाटलं नोकरी गेली.

मला राग आला नाही, असं म्हणणं खरं होणार नाही. क्षणभर आला. पण लगेच दिसलं की या माणसाने जे केलं ते औषधशास्त्राच्या दृष्टीने तंतोतंत बरोबर होतं. आयसोनियाझिडचा उतारा ब-६ हाच आहे. त्यांना तो एका आजारी बाईच्या उशाशी बसून कळला होता, मला पुस्तकातून. चूक त्यांना प्रयोग काय आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं ही होती, आणि ते सांगण्याचं काम माझं होतं.

हिशेब तिथेच भिंतीला टेकून कागदावर मांडला. बाटली २५० मिलीची, गोळी ४० मिलीग्रामची. म्हणजे मिलीला ०.१६ मिलीग्राम. उंदीर दिवसाला साधारण ५ मिली पाणी पितो, तेही बहुतेक रात्री, आणि आमचे प्रयोग सकाळी. पोटात गेलं ०.८ मिलीग्राम. पंचवीस ग्रॅमच्या उंदराला हा किलोमागे ३२ मिलीग्राम होतो. पन्नास किलोच्या माणसाला याच साध्या गुणाकाराने १६०० मिलीग्राम! आणि त्याच उंदराला टोचलेलं आयसोनियाझिड ७.५ मिलीग्राम. उतारा विषाच्या नवव्या हिश्शाइतका. झटके पूर्ण न थांबता लांबले, काहींचे थांबले, हेही या हिशेबाशी जुळत होतं. पीटीझेडवर त्याचा परिणाम का नाही, हे सांगायलाच नको. दारात दगड असताना पाटकऱ्यांची फौज उभी केली तरी काय होणार?

पुन्हा करून पाहणं

जुळतं म्हणून ते खरंच ठरतं असं नाही. तपासायला हवं होतं, आणि तपासायचं तर आणखी जनावरं लागणार होती. इथे माझं मन अडलं. आमच्या हलगर्जीपणामुळे आधीच अठरा उंदरांचे आयसोनियाझिडचे निकाल वाया गेले होते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत संख्या कमी करणं, त्रास कमी करणं, शक्य तिथे पर्याय शोधणं ही त्रिसूत्री १९५९ पासून मांडलेली आहे. ती आम्ही अर्जात लिहितो. वाया गेलेले अठरा ही त्या सूत्राची सरळ पायमल्ली आहे, आणि ती लपवून ठेवली असती तर कुणाला कळलंही नसतं.

समितीपुढे सगळं जसं घडलं तसं लिहून दिलं. दोन सदस्यांनी मला चांगलंच झाडलं, ते योग्यच होतं. दुरुस्त आराखड्याला मंजुरी मिळाली: फक्त आयसोनियाझिड, अर्काचा एकच डोस, चार लहान गट. साधं पाणी आणि द्रावक. साधं पाणी आणि अर्क. ब-६ चं पाणी आणि द्रावक. ब-६ चं पाणी आणि अर्क. चारही एकाच खेपेतले, चिठ्ठ्या टाकून वाटलेले, एकाच दिवशी आळीपाळीने टोचलेले. स्टॉपवॉच धरणाऱ्या मुलीला कुठला पिंजरा कशाचा हे माहीत नव्हतं. ती यादी माझ्या कपाटात होती, आणि बाटल्या भरण्याचं काम आप्पांकडे. मी त्यांना शेजारी बसवून प्रत्येक गट का आहे ते सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "म्हंजे ज्यास्ले गोयी नही, त्यास्ले मुद्दाम नही." मी हो म्हणाले. त्यांनी मान डोलावली, पण त्या सकाळी ते खोलीत थांबले नाहीत.

यादी उघडली तेव्हा निकाल लख्ख होता. साध्या पाण्यावरचे दोन्ही गट, अर्क असो वा नसो, सारखेच लवकर कोसळले. ब-६ च्या पाण्यावरचे दोन्ही गट सारखेच टिकले. अर्काचं काम शून्य.

दवाखान्यातली बाजू

हे सगळं उंदरांपुरतं नाही, म्हणूनच मी ते इतकं लांबवून लिहिते आहे. आयसोनियाझिड पहिल्यांदा १९१२ मध्ये प्राग इथे बनवलं गेलं, पण ते टीबीवर चालतं हे १९५२ मध्ये कळलं. आजही टीबीच्या उपचारात ते पहिल्या फळीतलं औषध आहे. नंदुरबारच्या पाड्यांपासून भुसावळच्या चाळींपर्यंत किती घरांत ते फडताळावर असेल! ठरलेल्या डोसमध्ये ते नीट काम करतं. पण लहान मुलाने खेळता खेळता किंवा कुणी जिवावर उदार होऊन मूठभर गोळ्या खाल्ल्या, तर आधी मळमळ-उलटी, मग न थांबणारे झटके, रक्तात आम्ल वाढणं आणि बेशुद्धी. असा रुग्ण नेहमीच्या झटक्यांच्या औषधांना दाद देत नसेल तर कारण याच प्रकरणातलं आहे: तेल घातलं, पण पाटकरी कुठाय? तिथे शिरेतून ब-६ देतात, जितके ग्रॅम आयसोनियाझिड पोटात गेलं तितके ग्रॅम. किती गेलं ते माहीत नसेल तर मोठ्या माणसाला ५ ग्रॅम. म्हणून घरच्यांनी रिकामी पाकिटं दवाखान्यात सोबत न्यावीत. त्या चुरगळलेल्या पाकिटावरचं नाव वाचून डॉक्टर योग्य औषधाकडे वळू शकतो.

माणसाच्या बाळांनीही हे भोगलेलं आहे. अमेरिकेत १९५४ मध्ये तान्ह्या मुलांना झटके येऊ लागल्याची नोंद आहे. बाटलीने पाजायच्या एका तयार दुधात उष्णतेच्या प्रक्रियेमुळे ब-६ नष्ट झालं होतं. ब-६ दिल्यावर मुलं सावरली. त्याच वर्षी अशा एका बाळाचंही वर्णन झालं ज्याचे झटके फक्त ब-६ नेच थांबत. हा जन्मजात विकार आहे आणि त्यातल्या बहुतेकांमागचा जनुक २००६ मध्ये सापडला. बाळाच्या मेंदूत ग्राही जागच्या जागी होते, फक्त त्यांच्यापर्यंत पोहोचायला गाबा पुरेसा नव्हता.

त्यानंतर

मुलीने प्रबंध नव्याने लिहिला. शीर्षकातला "झटकेरोधी परिणाम" गेला. आयसोनियाझिडचा पहिला निकाल का रद्द केला याला तिने पूर्ण एक प्रकरण दिलं, तिन्ही सारख्या खांबांच्या आलेखासह. तो काढून टाकावा असं मला एकदा वाटलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, तोच तर सगळ्यात खरं बोलला." तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तिला पायलोकार्पीन आणि ॲट्रोपीनचाच प्रश्न विचारला. तिने काडी आणि जाळ सांगून उत्तर दिलं. आजोळी जाऊन तिने काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

आप्पांची नोकरी शाबूत आहे. त्यांच्या पत्नीचे उपचार पूर्ण झाले. पेढे त्यांनी ॲनिमल हाउसच्या दाराबाहेर उभं राहून वाटले, आत खायचं आणायचं नाही हा नियम पाळून. आता प्रत्येक प्रयोगाच्या पहिल्या बैठकीला ते असतात, आणि मांडणीशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली असते. कोण आलं, कशाला हात लावला, पाण्यात काय घातलं, हे तिथे लिहायचं. बहुतेक नोंदी त्यांच्याच हातच्या, मोठ्या, सुट्या अक्षरांतल्या. कालची अशी होती: "पिंजरा ७. एक उंदीर सुस्त. पाणी साधं. काही दिलं नाही. मॅडमला सांगितलं, ११.२०."